ठाण्यात परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन ठेवता येते का, आणि तिची देखभाल किती पडते?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या मावसभावाकडे सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन (छर्र्यांची बंदूक, बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) हातात धरून पाहिली, आवडली. आता घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये तशी एक परवाना काढून ठेवता येईल का, आणि ठेवली तर किती निगा राखावी लागेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तो नाद सोडा. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सोडून बाकीची सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं निर्बंधित गटात टाकली आहेत. त्यांचा परवाना पोलीस आयुक्तालय देत नाही, तो विषय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तिथे जिवाला गंभीर धोका आहे असं दाखवावं लागतं. ‘भावाकडे पाहिली, आवडली’ हे कारण तिथे चालत नाही. शिवाय सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणून आपल्याकडे जुन्या विलायती बंदुका एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात.

इथे आवाक्यात असते ती बाराबोअरची एकनळी किंवा दुनळी, नाहीतर आयुध निर्माणीची पंप अॅक्शन, म्हणजे पुढची मूठ हाताने मागे-पुढे करून काडतूस चढवायची. माझ्याकडे दुनळी आहे, तीही हौसेने घेतलेली नाही, वडिलांकडून आलेली. तेव्हा पुढचं सगळं तिच्याबद्दल.

वडिलांची मुरबाडकडे शेती होती. रानडुकरं भाताची नासाडी करत, म्हणून त्यांनी साठच्या दशकात एका पारशी गृहस्थाकडून ही इंग्लिश दुनळी घेतली. तिचा उपयोग मुख्यतः रात्री दोन बार काढून डुकरं पळवायला. (हल्ली कुणी विचारतं, ‘शिकारीला जाता का?’ १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला. पिकात घुसलेल्या रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.)

वडील २०१६ च्या पावसाळ्यात गेले. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवणं बेकायदा होतं, ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आम्ही विक्रेत्याकडे ठेवली. मग वारस म्हणून माझ्या नावाने अर्ज. बहिणीची ना-हरकत लागली, तिने ‘ती ब्याद तूच ठेव’ म्हणत सही केली. वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, पोलिसांची घरी येऊन चौकशी. आलेल्या हवालदारांनी कपाट उघडायला लावलं, त्याचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि चहा न घेता गेले. सगळं होईस्तोवर चौदा महिने लागले. तुमच्या घरात कुणी वडीलधारे परवानाधारक असतील तर एक गोष्ट सांगून ठेवतो: त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच ती वारसाच्या नावावर करायची सोय त्याच नियमांत आहे. आम्हाला ठाऊक नव्हतं. वडील ८१ वर्षांचे होते.

चौदा महिन्यांनी बंदूक हातात आली तेव्हा ती कॅनव्हासच्या कव्हरातच होती, जशी दिली तशी. दोन पावसाळे तशीच. दुकानाचं नाव घेत नाही, आणि चूक निम्मी माझीच, कव्हरासकट मीच दिली होती. घरी आणली, मोडली (म्हणजे बिजागरीवर उघडली), नळ्या वेगळ्या करून खिडकीकडे धरल्या. चांगली नळी मागच्या बाजूने उजेडाकडे पाहिली की आत प्रकाशाची गोल गोल वलयं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी, एकात एक, न तुटलेली. उजव्या नळीत तशीच होती. डावीत तोंडापासून चार बोटं आत वलयं तुटत होती आणि तिथे तपकिरी ठिपके, मोहरीएवढे.

त्या दिवसापासून मी ठाण्याच्या हवेकडे वेगळ्या नजरेने बघतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, मधे आपण. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे पोलादाचं काय होणार? दमट हवेत कव्हर हा बंदुकीचा शत्रू आहे. चामड्याचं असो की कॅनव्हासचं, ते ओल धरून ठेवतं. कव्हर न्यायला-आणायला ठीक, ठेवायला नाही. वडील पावसाळ्यात नळीच्या तोंडात तेलाच्या चिंधीचा बोळा कोंबून ठेवत, तोही मी बंद केला. बोळ्याने ओल आत कोंडते. आणि बोळा काढायचा विसरून कुणी बार काढला, तर नळी फाटते.

साफसफाईचं मला जे येतं ते कॉलेजच्या एनसीसीत शिकलेलं. तिथे थ्री-नॉट-थ्री होती, फुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) होता आणि ‘चिंदी चार बाय दोन’ म्हणून उस्ताद ओरडायचे. दुनळीला फुलथ्रूपेक्षा गज बरा. नेहमी मागून पुढे, म्हणजे काडतूस भरतात त्या बाजूने तोंडाकडे. आधी सॉल्व्हंटची ओली चिंदी, मग पितळी नव्हे, फॉस्फर-ब्राँझचा ब्रश दहा-बारा वेळा, मग कोरड्या चिंद्या, त्या काळ्या यायच्या थांबेपर्यंत. शेवटी तेलाची एक. तेल म्हणजे नळी ओली दिसेल इतकं नाही, बोट फिरवल्यावर बोटाला जेमतेम कळेल इतकं. तेल लावलेली बंदूक पहिली रात्रभर तोंड खाली करून ठेवा, खाली फेल्टचा तुकडा. सरळ उभी ठेवली तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं. जुन्या बंदुकांचे दस्ते लोखंडाला जोडतात तिथेच तडकलेले दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

दस्त्याला जवसाचं तेल, दोन-तीन थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, वर्षातून एकदा. खोबरेल लावू नका, ते थंडीत थिजून चिकट होतं. आणि सगळ्यात सोपी, सगळेच विसरतात ती गोष्ट: पाहुण्यांना दाखवल्यावर पुसून ठेवा. आपल्या बोटांच्या घामात मीठ असतं. माझ्या भाच्याने दिवाळीत नळी धरली होती, त्याची चार बोटं महिन्याभराने तिथे गंजात उमटलेली सापडली. पोलिसांना इतके स्वच्छ ठसे मिळत नसतील.

आता तुमच्या भावाच्या बंदुकीचं. ह्यूस्टनला आतेभावाकडे गेलो होतो तेव्हा त्याची गॅसवर चालणारी सेमी-ऑटो मी एक दुपार खोलून बसलो होतो, म्हणून थोडं सांगू शकतो. बार झाला की नळीतल्या बारीक भोकांमधून थोडा गॅस खाली येतो, पिस्टन मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि पुढचं चढतं. त्यामुळे खांद्याला धक्का कमी बसतो, ही तिची खरी मजा. पण तो गॅस काजळी घेऊन येतो. पिस्टनवर तिचा थर कढईच्या बुडासारखा बसतो, भोकं बुजत जातात, मग हलकी काडतुसं भरली की बंदूक अडकायला लागते. दस्त्याच्या पोटात एका नळकांड्यात परतीची स्प्रिंग असते, ती कुणी उघडतच नाही. आतेभावाने नऊ वर्षांत उघडली नव्हती. ह्यूस्टनसुद्धा दमटच, आतून लाल पाणी निघालं. दुनळीत बिघडायला फारसं काही नाही, मोडली की सगळं डोळ्यासमोर. ठाण्यात सेमी-ऑटो मिळत नाही याचं दुःख मला म्हणूनच होत नाही. (तिकडेही सगळं मोकळं आहे असं समजू नका. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी शॉटगन चालत नाही. म्हणून त्याच्या मॅगझीनमध्ये लाकडाची एक साधी दांडी कोंबलेली होती.)

काडतुसांबद्दल जरा जपून. नळ्या साफ करताना त्यांच्या खालच्या सपाट भागावर मला बारीक शिक्के दिसले, त्यांत अडीच इंच असं कोरलेलं. म्हणजे चेंबर, काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, ६५ मिलिमीटरचं. आणि कपाटात वडिलांची उरलेली काडतुसं होती ७० ची. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, इथेच फसगत आहे, कारण छापलेली लांबी ही बार होऊन तोंड उघडल्यानंतरची असते. तोंड उघडायला पुढे जागा नसली की दाब वाढतो. वडिलांनी वर्षानुवर्षं तसेच बार काढले होते. मी बंदूक कारागिराला दाखवली, सांधे तपासून घेतले, तेव्हा कुठे झोप लागली. जुनी विलायती बंदूक असेल तर हे शिक्के आधी वाचा. काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ मिळतात, खोक्यावरची लांबीही वाचा. किती घेता येतील याचे दोन आकडे परवान्यावर असतात, एका वेळी किती आणि वर्षात किती. दुकानदार प्रत्येक खरेदी परवान्यावर चढवतो.

कागदांचा त्रास मात्र तुम्ही कल्पना केलीय त्याहून जास्त, आणि त्याला ठाण्याची एक खास जोड आहे: पुनर्विकास. नौपाड्यातली आमची इमारत २०१९ ला रिकामी झाली. चार वर्षं भाड्याने. पत्ता बदलला की परवान्यावरही बदलावा लागतो. पहिल्या घरमालकांना मी प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांनी टोकन परत केलं. दुसऱ्यांनीही. तिसरे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कोणत्या मेकची?’ आणि करार झाला. नव्या इमारतीत परत आलो तेव्हा पुन्हा तोच फेरा. परवाना आता ५ वर्षांचा असतो, २०१९ च्या दुरुस्तीआधी ३ वर्षांचा होता. त्याच दुरुस्तीने एका माणसाच्या नावावर ३ ऐवजी २ च बंदुका राहिल्या. तुम्ही घोडबंदरला म्हणजे ठाणे आयुक्तालयात. ऐरोली-वाशीला गेलात तर नवी मुंबईचं आयुक्तालय वेगळं.

मग निवडणुका. आचारसंहिता लागली की छाननी समिती कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवते, आणि नोटीस आली की जमा करायची, वाद घालायचा नाही. २०२४ मध्ये लोकसभेला मे महिन्यात आणि विधानसभेला नोव्हेंबरात अशी माझी दोनदा गेली. मी आता देण्याआधी नळ्यांत आणि बाहेरून ग्रीसचा पातळ हात मारतो, फोटो काढतो, कव्हर देत नाही, पावतीवर क्रमांक तपासून घेतो. दोन्ही वेळा बिनगंजाची परत आली.

बंदूक आहे हे कळलं की लोक काय काय मागतात! एका हळदीला ‘काका, दोनच बार काढा हवेत’ म्हणून मुलं मागे लागली होती. हवेतल्या बाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी त्यांना फटाक्यांची माळ आणून दिली.

तुम्हाला खरं तर नेम धरायची मजा हवी असेल, तर ४.५ मिलिमीटरची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल घ्या. तिला परवाना लागत नाही, आणि दहा मीटरवर कागदाचा ठिपका फोडताना जो घाम फुटतो तो दुनळीने कधी फुटत नाही. ट्रॅप शूटिंगच (हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायचा खेळ) शिकायचं असेल तर तिथेही बहुतेक खेळाडू सेमी-ऑटो वापरत नाहीत, एकावर एक नळ्यांची दुनळीच वापरतात. अथेन्स ऑलिंपिकला २००४ मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांचं रौप्य याच खेळाच्या डबल ट्रॅप प्रकारातलं होतं.

माझ्या कपाटात सिलिका जेलचे दोन डबे आहेत. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की ते भाजून पुन्हा निळे करायचे. त्यांतला रंग पोटात जाण्याजोगा नसतो, म्हणून बायकोने एक जुनी कढई कायमची माझ्या नावे केली आहे. परवाच्या पावसाने दोन्ही डबे गुलाबी झालेत, ते भाजायला शेगडी मोकळी व्हायची वाट बघत हे लिहिलं.