ड्रीमवीव्हरमध्ये (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आम्ही दोघे एकाच साइटवर काम करतो, एकमेकांच्या फाइल्स ओव्हरराइट होतात. काय करावं?

चेक-इन/चेक-आउट चालू करा, म्हणजे एकाने घेतलेली फाइल तो परत करेपर्यंत दुसऱ्यासाठी कुलूपबंद राहते. मॅनेज साइट्समध्ये तुमची साइट उघडा, सर्व्हर्समधल्या रिमोट सर्व्हरच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘एनेबल फाइल चेक-आउट’वर टिक करा आणि आपलं नाव टाका. दोघांनीही, आणि नावं वेगवेगळी ठेवा.

मग फाइल तुम्ही चेक-आउट केलीत, म्हणजे कामासाठी घेतलीत, की तुमच्याकडे हिरवी खूण दिसते, सहकाऱ्याकडे लाल. काम झालं की चेक-इन करायचं, म्हणजे फाइल परत सर्व्हरवर ठेवायची. मग तुमची लोकल कॉपी (तुमच्या संगणकावरची) रीड-ओन्ली होते. चेक-आउट करताना सर्व्हरवरची कॉपी तुमच्या लोकल कॉपीच्या जागी येते, त्यामुळे आधी बदल करून मग चेक-आउट करू नका.

हे कुलूप मात्र नावापुरतंच. ड्रीमवीव्हर सर्व्हरवर त्या फाइलशेजारी एक छोटी ‘एलसीके’ फाइल ठेवतो, बस. तिला ड्रीमवीव्हरच जुमानतो. फाइलझिलासारख्या एफटीपी प्रोग्राममधून (सर्व्हरवर फाइल्स चढवायच्या साधनातून) कोणी अपलोड केलं तर फाइल खुशाल ओव्हरराइट होते. सहकारी चेक-इन न करताच सुट्टीवर गेला, तर त्याला विचारून ती एलसीके फाइल एफटीपीने उडवा.

शिवाय जुनी आवृत्ती परत मिळत नाही. ती हवी असेल तर गिट (फाइल्सच्या आवृत्त्या जपून ठेवणारी प्रणाली) वापरा, त्याची सोय सीसी २०१८ आवृत्तीपासून ड्रीमवीव्हरमध्येच आहे. दोघांपेक्षा जास्त जण असतील तर मी थेट गिटच सुचवेन.