उपग्रहाला वणवा दिसतो, मग धूर का दिसत नाही?

प्रश्न : मार्च महिन्यात आमच्या गावासमोरच्या डोंगराला रात्री वणवा लागला आणि सकाळी दहापर्यंत खोऱ्यात धूर कोंडून राहिला. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला, तेव्हा डोंगरावर लाल ठिपका होता. पण त्याच दिवशी दुपारी घेतलेल्या छायाचित्रात धुराचा मागमूसही नव्हता. असे का व्हावे?
– एक वाचक, मेढा (जि. सातारा)

उत्तर : लाल ठिपका म्हणजे आगीचे छायाचित्र नव्हे. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या उपग्रहांवरील उपकरण सुमारे ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत जमीन न्याहाळते, आणि ज्या चौकोनातून आसपासच्या मानाने फारच जास्त उष्णता येते, त्याच्या मध्यावर संगणक ठिपका ठेवतो. हा चौकोन ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ ३५ एकरांचा असतो. त्यामुळे आग डोंगराच्या सोंडेवर आणि ठिपका शेजारच्या ओढ्यात, असेही घडते. उष्णता टिपायला उजेड लागत नाही. धूर नेहमीच्या छायाचित्रात दिसायचा, तर त्यावर ऊन पडावे लागते.

हे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. रात्रीच्या फेरीत आपल्या वणव्याचा ठिपका नोंदला गेला, धूर मात्र अंधारातच राहिला. पहाटे डोंगरउतारावरची गार हवा वेण्णेच्या खोऱ्यात साचते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर त्याखाली अडकतो. ऊन चढले की जमीन तापून हवा ढवळली जाते आणि तोच धूर वर जाऊन विरळ होतो. दुपारच्या फेरीला वाळल्या गवताच्या उजळ रंगावर तो ओळखू आला नाही, यात नवल नाही.

सकाळच्या धुरासाठी इन्सॅट-३डीएससारख्या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत सतत एकाच भागावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाची चित्रे पाहावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाला चित्र घेतो. त्यातला दृश्य प्रकाशातला तपशील १ किलोमीटरचाच असल्याने लहान वणव्याचा धूर त्यात हरवतो. मोठा धूर असल्यास सलग चार-सहा चित्रे एकामागून एक पाहावीत. धुराचे एक टोक आगीपाशी खिळलेले असते आणि दुसरे वाऱ्याबरोबर पसरत जाते.

ढग आणि धूर यांचा घोळ मात्र अनुभवी माणसाचाही होतो. धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणून ११ मायक्रॉनचे अवरक्त किरण त्यातून जवळजवळ अडथळ्याविना जातात. त्या चित्रात उंच ढग थंड आणि पांढरा उठून दिसतो, धूर नाहीसा होतो. ही कसोटी आपल्याकडे एका ठिकाणी फसते, ते म्हणजे दाट धुके. धुक्याचा माथा जमिनीइतकाच गार असल्याने तेही या चित्रात लपते. अशा वेळी मी कडा पाहतो : धुके नदीच्या वळणावळणाने रेखीव बसते आणि ऊन पडल्यावर कडेकडून आत आटत जाते, धुराची कड पुसट असते आणि तो सरकतो.

धूर किती लांब जाईल, हे तो किती उंच चढला यावर ठरते. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि अटलांटिक ओलांडून युरोपपर्यंतही पोहोचला, कारण तिथल्या आगींच्या धगीने तो कित्येक किलोमीटर वर फेकला होता. आपल्या गवताच्या वणव्याला तेवढा जोर नसतो. शिवाय छायाचित्रात वरपासून खालपर्यंतचा सगळा धूर एकाच पातळीवर दिसतो, त्यामुळे त्यातला किती आपल्या नाकापर्यंत आला, ते जमिनीवरच मोजावे लागते.

प्रश्न : तोडणीनंतर आमच्या शिवारात उसाचे पाचट सर्रास पेटवले जाते. त्याचे ठिपके का उमटत नाहीत?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : एका फडातले पाचट थोड्याच वेळात जळून जाते. ते दीडच्या फेऱ्यांमध्ये सापडले, तर ठिपका पडू शकतो. सकाळी किंवा संध्याकाळी पेटवले, तर नाही. इन्सॅट दर अर्ध्या तासाला पाहतो खरा, पण त्याचा उष्णतेचा चौकोन ४ किलोमीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ चार हजार एकरांचा असतो, आणि एवढ्या पसाऱ्यात एका एकराची धग बहुधा बुडून जाते.