तेजस्वी उल्का आधी का दिसत नाही?

प्रश्न : काही दिवसांपूर्वी पहाटे हिरवट प्रकाशाचा एक गोळा दोन-तीन सेकंदांत आकाश उजळून नाहीसा झाला. इतक्या वेधशाळा आणि उपग्रह असताना याची पूर्वसूचना कोणालाच कशी मिळाली नाही?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण वर्णन केलेला वेग पाहता ती उल्काच असावी. २ एप्रिल २०२२ रोजी विदर्भात अनेकांना दिसलेला जळता पट्टा मात्र वेगळा होता. तो रॉकेटचा अवशेष असल्याचे मानले जाते आणि चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे मोठे कडेही सापडले. असे अवशेष सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने येतात, तर उल्का किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात, त्यामुळे उल्का झटकन संपते आणि अवशेष बराच वेळ रेंगाळत, तुकडे होत जाताना दिसतात.

शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. त्याचा लख्ख प्रकाश पाहून मूळ वस्तू प्रचंड असेल असे वाटते, पण ती बहुधा मुठीएवढी किंवा थोडी मोठी असते. तो प्रकाश येतो प्रचंड वेगामुळे. वातावरणाबाहेर असताना तिला स्वतःचा प्रकाश नसतो. पृष्ठभागावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा थोडासा भाग परावर्तित होतो तेवढाच दुर्बिणीला मिळतो आणि व्यास दहापट कमी असेल, तर तो प्रकाश शंभरपट कमी होतो. त्यामुळे खडा आधी न दिसणे हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे.

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत दिशाही आडवी येते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर व्यासाचा लघुग्रह जमिनीपासून जवळजवळ ३० किलोमीटर उंचीवर फुटला आणि बहुतांशी फुटलेल्या काचांमुळे सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या बाजूने आला होता, आणि जमिनीवरची कोणतीही दुर्बीण दिवसाच्या आकाशात असा मंद ठिपका शोधू शकत नाही. योगायोग असा, की त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार हे खगोलशास्त्रज्ञांना वर्षभर आधीपासून ठाऊक होते.

रात्रीच्या बाजूने येणारी वस्तू कधीकधी सापडते. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲरिझोनातील दुर्बिणीने सुमारे ४ मीटरचा लघुग्रह धडकेच्या जेमतेम २० तास आधी टिपला, सुदानच्या वाळवंटावर तो कोठे पडेल याचे गणित बरोबर आले आणि पुढे त्याच्या अशनी, म्हणजे न जळता जमिनीवर पोहोचलेले तुकडे, वाळूत सापडल्या. धडकेआधीच सापडलेली ही पहिली वस्तू होती. त्यानंतर अशी मोजकीच उदाहरणे आहेत.

सूर्याकडच्या बाजूची अडचण कमी व्हावी म्हणून नासा अवरक्त किरणांत पाहणारी एक अवकाश दुर्बीण तयार करीत आहे. तिचा मुख्य शोध १४० मीटरपेक्षा मोठ्या लघुग्रहांचा आहे. आपण पाहिलेल्या उल्केएवढा खडा तिलाही टिपता येणार नाही.