गाडीची बॅटरी किती वर्षं टिकते? वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सुरू झाला की पत्रांत निम्मे प्रश्न बॅटरीचेच असतात. या वेळी एकत्रच घेतो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडतंय.

नागपूरहून एक वाचक : माझी पेट्रोल हॅचबॅक, कंपनीतून आलेली बॅटरी तीन वर्षं दोन महिन्यांत बसली. पुण्यात भावाकडे तेच मॉडेल आहे, त्याची पाच वर्षं झाली तरी चालूय. मला खराब पीस आला का?

पीस खराब नाही, तुमच्याकडचं ऊन तसं आहे. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य तीन ते पाच वर्षं धरतात, त्यात नागपूर, चंद्रपूर, जळगाव इकडे तीन-साडेतीन मिळाली तरी नॉर्मलच म्हणायचं, भावाला पाच मिळाली तर त्यांच्याकडची हवा आणि रोजचा वापर दोन्ही चांगलं असणार. लोकांना वाटतं थंडीत बॅटरी मरते, कारण डिसेंबरात सकाळी सेल्फ उचलत नाही, पण खरं नुकसान मे महिन्यातच होऊन गेलेलं असतं, थंडीत ते फक्त उघडं पडतं. बाहेर 45 डिग्री असताना बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि तापमान 10 डिग्रीने वाढलं की आतली रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, म्हणजे पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या आतून गंजत जातात, आणि गंजलेली जाळी परत कशानेच दुरुस्त होत नाही, चार्जिंगला लावा नाहीतर काही करा.

एक गोष्ट नक्की बघा. काही गाड्यांत बॅटरीला कापडी किंवा फोमचं जॅकेट असतं, ते उष्णतेपासून वाचवायलाच दिलेलं असतं, आणि बॅटरी बदलताना बरेच मेकॅनिक ते काढून फेकून देतात. तुमच्या गाडीत असेल तर हट्टाने परत बसवून घ्या. सावलीत पार्किंग मिळत असेल तर दोन मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

आणि घरात मल्टीमीटर असू द्या, महाग नसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारायच्या आधी टर्मिनलवर मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास आला तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामीच. मग इंजिन चालू करून मोजा, 13.8 ते 14.5 च्या दरम्यान दिसला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, बरोबर आहे. हे सांगतो कारण अल्टरनेटर बिघडलेला असताना नवी बॅटरी घेणारे मी खूप बघितलेत, महिन्याभरात तीही बसते आणि पैसे दोनदा जातात. मात्र व्होल्टेज चांगला आला म्हणजे बॅटरी चांगलीच असं नाही, लोडवर ती किती तग धरते ते दुकानातला टेस्टर सांगतो. तुमच्या भागात तिसरं वर्ष लागलं की दर मार्चमध्ये ती टेस्ट करून घ्या, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी.

ठाण्याहून एक निवृत्त वाचक : गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी निघते. बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून ठेवतो. बरोबर आहे ना?

काका, काळजी घेताय हे चांगलंच आहे पण या पद्धतीने फायदा जेमतेम होतोय आणि पेट्रोल वाया जातंय. हिशेब बघा, गाडी लॉक करून उभी असली तरी अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर मिळून समजा 40 मिलिअँपिअर खात असतात, म्हणजे दिवसाला जवळपास 1 अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं हे माप). छोट्या गाडीत बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, दोन आठवड्यांत तिच्यातलं 14 गेलं. डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर त्याहून कितीतरी लवकर. आता पाच मिनिटांत जे आत जातं ते त्या दिवसाच्या खर्चाएवढंच कसंबसं, बॅटरी पूर्ण भरायला तास लागतात कारण शेवटचा भाग ती फार हळू घेते. आणि अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात, मग क्षमताच कमी होते. शिवाय इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा काकूंना घेऊन घोडबंदर रोडला सलग 40 मिनिटं चक्कर मारून या. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन कधीच चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस जातो.

मुलांकडे परदेशी दोन-तीन महिने जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. फक्त डिकी बटणावर उघडणारी असेल आणि बॅटरी डिकीतच असेल तर डिकी बंद करण्याआधी विचार करा, नाहीतर ती उघडायची कशी हा प्रश्न होतो. परत जोडल्यावर घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल, तेवढंच.

कोल्हापूरहून एक वाचक : आम्ही स्ट्राँग हायब्रिड घ्यायचं ठरवलंय, पण मेव्हणे म्हणतात पाच वर्षांनी बॅटरी जाते आणि लाखाच्या वर खर्च. खरं का?

मेव्हण्यांना घाबरून गाडी रद्द करू नका. स्ट्राँग हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरच्या मोटरनेही चालू शकणारी गाडी. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी मिळत आलीय. तुम्ही घ्याल तेव्हाच्या अटी शोरूममधून लेखी घ्या, तोंडी नको. जपानमध्ये टोयोटाची प्रियस 1997 च्या डिसेंबरात आली, तेव्हापासून जगभर टॅक्सीवाल्यांनी ती पळवलीय आणि मूळ बॅटरीवर दोन-तीन लाख किलोमीटर गेलेल्या गाड्या काही दुर्मिळ नाहीत.

एवढी का टिकते ते समजून घ्या म्हणजे भीती जाईल. मोबाईल आपण शून्यावर नेतो आणि शंभरावर भरतो, हायब्रिडचा कॉम्प्युटर तसं होऊच देत नाही, तो बॅटरीला मधल्या पट्ट्यातच, साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान खेळवत ठेवतो. ब्रेक दाबला की थोडं भरायचं, सिग्नलवरून निघताना थोडं काढायचं. बॅटरीही छोटीच असते, ग्रँड व्हिटारामध्ये 0.76 किलोवॉट-तासांची लिथियम-आयन, तर हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड.

शत्रू इथेही उष्णताच. ही बॅटरी बहुतेक गाड्यांत केबिनच्या हवेने थंड होते, त्यासाठी सीटजवळ किंवा मागे जाळी असते. तिथे पिशव्या कोंबल्या, धूळ आणि कुत्र्याचे केस साठले की पंखा हवा ओढू शकत नाही आणि बॅटरी तापत राहते. जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि प्रत्येक सर्व्हिसला तिचा फिल्टर साफ केला का हे स्वतः विचारा. माझ्या मते हायब्रिडवाल्याने घ्यायची सगळ्यात महत्त्वाची काळजी हीच, आणि नेमकी हीच गाडी देताना कोणी सांगत नाही.

आणि नावात हायब्रिड आहे म्हणून फसू नका, माइल्ड हायब्रिड वेगळं. त्यातली लिथियम बॅटरी अगदी लहान असते आणि ती एकटी गाडी चालवत नाही, फक्त इंजिनला हातभार लावते.

पुण्याहून एक वाचक : माझी हायब्रिड दोन वर्षांची. गावाहून तीन आठवड्यांनी आलो तर चालूच होईना, स्क्रीनसुद्धा अंधारी. मोठी बॅटरी गेली का?

मोठी नाही हो, लहान गेली! हायब्रिडमध्ये दुसरी साधी 12 व्होल्टचीही बॅटरी असते, तिच्यावर सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि मोठ्या बॅटरीचा स्विच जोडला जाऊन करंट पुढे जातो. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी ढिम्म. पेट्रोल गाडीत सेल्फचा आवाज खर्र-खर्र असा संथ व्हायला लागला की आपल्याला आधीच कळतं, इथे सेल्फच नसतो म्हणून सूचना काहीच मिळत नाही. गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीच्या गाडीचं असंच झालं, साताऱ्यात लग्नाच्या हॉलबाहेर मुलं एसीसाठी म्हणून बसली होती पण गाडी ‘रेडी’ केलीच नव्हती (गाडी पूर्ण चालू झाली की समोर ‘रेडी’ असं दिसतं), नुसतं गाणी आणि पंखा तासन् तास चालू, आणि निघायच्या वेळी सगळं बंद. ‘रेडी’ दिसत असेल तरच 12 व्होल्टची बॅटरी चार्ज होते हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

जंप स्टार्टने तुमची गाडी उठेल, पण मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉइंटलाच केबल लावा. तुमच्या हायब्रिडवरून दुसऱ्याला जंप द्यायला जाऊ नका, आणि नारिंगी केबलना हात लावायचाच नाही, तिथे जीवघेणा व्होल्टेज असतो. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर नवी घेताना त्याच प्रकारची, गॅस बाहेर सोडणारी नळी असलेलीच घ्या, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो केबिनमध्ये साठता कामा नये.

जळगावहून एक वाचक : नवी बॅटरी घेताना काय बघू? दुकानदार 35 ऐवजी 45 अँपिअर-तासांची बसव म्हणतो.

ट्रेमध्ये नीट बसत असेल आणि टर्मिनल त्याच बाजूला येत असतील तर 45 ने काही बिघडत नाही, पण गरजही नाही. सिग्नलवर आपोआप बंद होणारी गाडी असेल तर मात्र ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणारी खास बॅटरीच लागते, साधी लवकर बसते. खरं बघायचं ते तयार झाल्याची तारीख, सहा महिने शेल्फवर पडलेली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डवर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या. पाणी टाकायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नाही, अ‍ॅसिड तर अजिबात नाही.

जुनी बॅटरी त्याच दुकानात द्या, पैसेही वळते होतात. दारावर येणाऱ्याला देऊ नका, तो फोडून अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं मातीत राहतं, जिथे मुलं खेळतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा.