अमेरिकेत धर्म आणि सरकार वेगळे आहेत, मग नोहाच्या नौकेच्या पार्कला करसवलत कशी मिळाली?

कोर्टामुळे मिळाली. पण ‘सरकारने चर्चला पैसे वाटले’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही.

केंटकी राज्यात विल्यम्सटाउन नावाचं छोटं गाव आहे, तिथे हे ‘आर्क एन्काउंटर’. बायबलमधल्या महाप्रलयाच्या गोष्टीतल्या नोहाची ५१० फूट लांबीची लाकडी नौका. ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेने ती उभारली. पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं आहे असं ही मंडळी मानतात. राज्याच्या पर्यटन कायद्यानुसार अशा ठिकाणी तिकिटांवर, जेवणावर, खरेदीवर जमा झालेल्या विक्रीकराचा काही भाग प्रकल्पाला परत मिळतो. मुदत दहा वर्षं, कमाल मर्यादा प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के. इथे ती रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जात होती. लोक आलेच नाहीत तर परतावाही नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये राज्याने हात आखडता घेतला. हा आता धर्मप्रसार झालाय आणि नोकरी देताना धर्म बघितला जाणार आहे, ही दोन कारणं दिली. संस्था फेडरल कोर्टात गेली. जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीश ग्रेग व्हॅन टॅटनहोव यांनी तिच्या बाजूने निकाल दिला: योजना सगळ्यांना खुली असताना केवळ धार्मिक म्हणून एकाला वगळणं हाच धर्मस्वातंत्र्याचा भंग. नवे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी अपील केलं नाही. जुलैमध्ये पार्क सुरू झाला.

वगळण्याबद्दलचा निकाल मला पटतो. करपरतावा आशय तपासून द्यायचा म्हटलं तर उद्या कोणता देखावा ‘फार धार्मिक’ हे सरकारी बाबू ठरवणार.

नोकऱ्यांचं मात्र मला अजिबात पटत नाही. अशा सवलतींचं समर्थन करताना रोजगाराचंच नाव पुढे केलं जातं. इथे नोकरी हवी तर संस्थेच्या श्रद्धापत्रकावर, म्हणजे तिच्या धार्मिक मतांच्या जाहीरनाम्यावर, सही करावी लागते. म्हणजे ज्यू, हिंदू, नास्तिक तर बाहेरच, पण उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती माणूसही बाहेर. कर सगळ्यांनी भरायचा आणि अर्ज ठरावीक लोकांनीच करायचा! १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धर्मसंस्थांना अशी मुभा आहे, कोर्टाने ती इथे लागू केली. पण करसवलत घेणारी ‘आर्क एन्काउंटर’ ही कागदोपत्री नफ्यासाठी चालणारी कंपनी होती. २०१७ मध्ये गावाने तिकिटामागे ५० सेंटचा सुरक्षा कर लावला, तेव्हा तिने पार्कची जमीन आपल्याच ना-नफा संस्थेला १० डॉलरला विकली. करार नफा कमावणाऱ्या कंपनीशी झालाय म्हणत राज्याने सवलत थांबवली. लगेच जमीन परत १० डॉलरलाच कंपनीकडे आली आणि सवलतही सुरू झाली.

गिऱ्हाईक आणायचं तेव्हा धंदा आणि माणसं निवडायची तेव्हा धर्मसंस्था, ही दुहेरी सोय माझ्या मते कायदेमंडळाने बंद करायला हवी. धार्मिक म्हणून सवलत नाकारणं आता जवळपास अशक्य आहे. सगळ्यांना खुल्या असलेल्या सरकारी मदतीतून धार्मिक संस्थांना केवळ धार्मिक म्हणून वगळता येत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा कल २०१७ च्या ट्रिनिटी लुथरन आणि २०२२ च्या कार्सन खटल्यांत स्पष्ट दिसला. म्हणून तिथल्या करदात्यांनी आमदारांना धरायचं ते नोकरभरतीच्या अटींवरून.