सोसायटीच्या जिमसाठी स्ट्रेंथ ट्रेनिंगची कोणती मशिनं घ्यावीत?

तुमचा हॉल १२ बाय २० फुटांचा, वापरणारे १८ ते ६५ वयाचे, त्यात निम्म्या बायका, आणि शिकवायला कोच नाही. एवढ्यावरून मी मल्टीजिम बाजूला ठेवेन. वजनांच्या एकाच चळतीवर (स्टॅकवर) सात-आठ व्यायाम करायच्या मल्टीजिमवर एका वेळी एकच माणूस बसतो. शिवाय एकाच सीटवरून सगळं जमवायचं असल्यामुळे कुठलाच व्यायाम धड होत नाही. सुटी मशिनं घ्या, आणि चारच घ्या: बसून पायांनी ढकलायचा लेग प्रेस, छातीसमोर हातांनी ढकलायचा चेस्ट प्रेस, लॅट पुलडाऊन (वरून खाली ओढायचं) आणि रोइंग (समोरून ओढायचं) एकत्र असलेलं, आणि वर-खाली सरकणारी केबल पुली. उरलेल्या जागेत एक बेंच आणि १ ते १५ किलोचे डंबेल्स.

ओढायच्या मशिनावर पैसे वाचवू नका. आपल्याकडच्या तालमीत वाढलेल्या पोरांचे जोर-बैठका झालेल्या असतात, म्हणजे ढकलणं आणि पाय झाले. दोरावर चढणारे सोडले तर पाठीचं काम कमीच पडतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचं तर विचारूच नका.

दुकानात गेलात की जास्तीत जास्त वजन किती, हे दुकानदार आपणहून सांगेल. तुम्ही कमीत कमी किती ते विचारा. किती वजन उचलायचं ते ठरवणारी पिन स्टॅकच्या पहिल्याच भोकात लावली तरी बऱ्याच मशिनांवर ७ ते १० किलो उचलावे लागतात आणि पुढची पायरी ५ किलोची असते. साधारण नियम असा की वजन एका वेळी २ ते १० टक्केच वाढवावं. १० वरून एकदम १५ म्हणजे दीडपट. मग नवी व्यक्ती एक तर महिनोन्‌महिने १० वरच अडकते, नाहीतर झटका देऊन १५ उचलते आणि खांदा धरून बसते. म्हणून वरून ठेवायचं सव्वा किंवा अडीच किलोचं जोडवजन मिळतं का ते पाहा. केबल पुलीत २:१ ची रचना असेल तर स्टॅकवरचे ४० किलो हाताला २० लागतात, आणि ५ किलोची पायरी आपोआप अडीचची होते. नवशिक्यांना हीच बरी.

दुसरी परीक्षा मापाची. सोसायटीतली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच अशा दोन व्यक्तींना दुकानात घेऊन जा आणि प्रत्येक मशिनावर बसवा. चेस्ट प्रेसची मूठ छातीच्या मध्यावर यायला हवी. ती गळ्याशी आली तर सीट वर घ्यायची, पण पावणेपाच फुटांच्या बाईंचे पाय मग अधांतरी राहतात, तेव्हा पाय टेकायला पट्टी असलेलं मॉडेल बघा. मूठ सुरुवातीलाच छातीच्या बरीच मागे असेल तर खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो. सुरुवातीची जागा पुढे-मागे करता येते का, हे विचारायचंच. लॅट पुलडाऊनला मांडीवरची गादी घट्ट बसली नाही तर वजन वाढल्यावर माणूसच वर उचलला जातो.

लेग एक्स्टेन्शन (बसून गुडघ्यातून पाय सरळ करायचं मशीन) घ्यायचा मोह झाला तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मध्य आणि मशीन जिथून फिरतं तो बोल्ट एका रेषेत आहेत का ते बघा. नसतील तर पाय वर जाताना गादी नडगीवरून घसरते. ही घसरण दिसली की ते मशीन त्या माणसाचं नाही.

म्हणूनच फॅब्रिकेटरकडून (लोखंडी वेल्डिंगकाम करणाऱ्याकडून) मशीन बनवून घ्या असं कोणी सुचवलं, तर तो सल्ला मी अर्धाच मानेन. बेंच, रॅक, डंबेलचा स्टँड खुशाल करून घ्या. पण फिरणाऱ्या सांध्याचं मशीन फोटोवरून बनवलं की फ्रेम मजबूत होते आणि सांधा दोन इंच चुकतो. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या असताना वजनाच्या प्लेटा लांबून कशाला, असंही कोणीतरी म्हणेलच. तिथून घ्या, फक्त प्रत्येक प्लेट काट्यावर तोला आणि खरं वजन रंगाने लिहा.

४५ अंशांचा लेग प्रेस, म्हणजे मागे रेलून पायांनी गाडी तिरपी वर ढकलायचा, तुमच्यासाठी नको. रिकामी गाडीच जड असते आणि गुडघे दुखणाऱ्यांना त्यातून उठणं अवघड जातं. (पोरं त्यावर २०० किलो मारल्याचं सांगतात, उतारामुळे त्यातले साधारण १४० च पायावर येतात.) बसून करायच्या लेग प्रेसवरही पाठीचा खालचा भाग गादीपासून सुटू लागला की तिथेच थांबायचं, आणि गुडघे पूर्ण ताठ करून लॉक करायचे नाहीत.

घेण्याआधी सगळ्यात हलक्या वजनावर मशीन अगदी सावकाश चालवून बघा. ते अडखळत असेल तर गाइड रॉड (वजनं ज्यांवरून सरकतात ते दांडे) वाकडे असतील किंवा पुलीला बेअरिंगऐवजी साधं बुश (नुसती नळी) असेल. घर्षण जास्त असलं की उचलताना वजन जड लागतं आणि सोडताना हलकं, म्हणजे उतरवतानाचा अर्धा व्यायाम वाया. फ्रेमचा पाइप सुमारे ३ मिमी जाडीचा असावा. वजनांसमोर झाकण हवंच. सोसायटीत लहान मुलं येणार आणि बोटं घालणार.

मशिनाच्या चारी बाजूंनी दोन-अडीच फूट मोकळे सोडा. कोच नसल्यामुळे प्रत्येक मशिनावर एक कागद लावा: आठवड्यातून २ ते ३ दिवस, १० ते १५ वेळा जमेल आणि शेवटी अजून दोन निघाले असते असं वाटेल इतकंच वजन, उचलताना श्वास बाहेर, उतरवताना तीन आकडे मोजायचे. बीपी किंवा हृदयाचा त्रास, हर्निया, नुकतंच ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आपल्या पावसाळ्यात गाइड रॉडवर गंज धरतो. आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल नको, त्याला धूळ चिकटते. केबलच्या प्लॅस्टिकला चीर किंवा फुगवटा दिसला, तार बाहेर आली, तर टेप गुंडाळून चालवू नका. त्याच दिवशी मशीन बंद, केबल बदलायची. आणि हरवलेल्या पिनीच्या जागी खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर कोणी घालत असेल तर थांबवा. तो मध्येच निसटतो आणि सगळा स्टॅक आदळतो. मशीन घेतानाच दोन जास्तीच्या पिना आणि एक केबल मागून घ्या.