टूलचं वर्णन लिहिताना

गोव्यातल्या फेरीबोटीच्या टूलच्या वर्णनात 'फेरीची माहिती देते' एवढंच लिहिलंयस तू. एजंटला, म्हणजे टूल वापरून कामं करणाऱ्या AI ला, तुझा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती, जशी तारीख) वाचूनच तो टूल निवडतो. वेळ की भाडं, त्याला कसं कळणार? असं लिही: 'रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या दिलेल्या तारखेच्या सुटण्याच्या वेळा देते. भाड्यासाठी वापरू नये.' ही शेवटची ओळ गाळू नकोस, टूलला जाणारे बरेच चुकीचे कॉल तिथेच थांबतात. तारखेचा नमुना दे: 2025-06-03. माझ्या पहिल्या टूलमध्ये तो नव्हता. 03/06 म्हणजे 3 जून, पण उत्तर गेलं 6 मार्चचं. प्रवासी बिचारा धक्क्यावर ताटकळला. धक्क्यांची ठरलेली यादीच दे, कारण एकाच जागेला कोणी चोडण म्हणतं, कोणी चोराव. आणि फेरी नसेल तर टूलकडून काय परत येतं, तेही सांग. नाहीतर एजंट पुन्हापुन्हा विचारत बसतो.